थायरॉईड आहे, वजन हलत नाही. नागपुरात डाएटिशियन सुचवा (मदत हवी आहे, लवकर)

ओवीची आई | ११ मे, रात्री ११.५२
नमस्कार. मला थायरॉईड आहे. ५० ची गोळी चालू आहे, नियमित घेते, एक दिवस चुकवत नाही. तरी वजन ७८ वर अडलं ते अडलंच. आधी ६२ होतं. भात बंद केला, साखर बंद केली, रोज फुटाळ्यावर चालून राहिली (संध्याकाळी साडेसातनंतर, त्याआधी बाहेर पाय ठेवायची सोय नाही), आणि दीड महिन्यात कमी झालं किती, तर ४०० ग्रॅम. एवढं तर नागपुरात नुसतं बसस्टॉपवर उभं राहिलं तरी घामाने जाते. जूनच्या शेवटी भावाचं लग्न आहे, टेलर ब्लाउजचं माप मागून राहिली. धरमपेठ-रामदासपेठ भागात थायरॉईडचं डाएट देणारं कोणी चांगलं असेल तर सांगा, फी परवडणारी पाहिजे. कृपा करून 'टेन्शन घेऊ नका' असं लिहू नका.

लॅबवाले काका | १२ मे, सकाळी ६.१०
थायरॉईड सगळ्यांनाच असतो, गळ्यात. तुमचा कमी काम करतो की जास्त? टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईड मंद असला की वाढतो) किती आला, कोणत्या महिन्यात तपासला? वय, उंची? गोळी कधीपासून? तीस वर्षं रक्त काढलं, लोक अजूनही काउंटरवर येऊन 'मला बीपी आहे' एवढंच सांगतात.

दोनच वेळा | १२ मे, सकाळी ८.०२
ताई, डाएटिशियनवर पैसे घालू नका. दीक्षित सरांचा प्लॅन करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि ५५ मिनिटांत आटपायचं. मधे काही नाही. माझे ११ किलो गेले. आणि यामागचा मूळ विचार आपल्या नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, हे विसरू नका. पिकते तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

साजूक तूप | १२ मे, सकाळी ८.४०
झालं सुरू. प्रत्येक धाग्यावर यांचे ११ किलो. गेल्या वर्षी ९ होते. ताई, उपाशी राहू नका. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, आपलं घरचंच, ज्वारीची भाकरी, वरण, वर तूप. मी ऋजुता दिवेकर वाचते. भात बंद करायची काही गरज नाही.

दोनच वेळा | १२ मे, सकाळी ८.४७
दर दोन तासांनी खाऊन तुमचं किती कमी झालं ते लिहा ना.

साजूक तूप | १२ मे, सकाळी ८.५५
माझं वाढलेलंच नव्हतं.

कुलकर्णी रिटायर्ड | १२ मे, सकाळी ९.३०
आमच्या मिसेसलाही थायरॉईड आहे, पण वजन कमी होते आहे. चार महिन्यांत सात किलो. वाढवण्यासाठी काय द्यावे? केळी-दूध सुरू आहे.

ओवीची आई | १२ मे, दुपारी १.१५
काका, हायपो, म्हणजे कमी काम करतो. टीएसएच ८.६, मार्चमधला. वय ३१, उंची ५ फूट २ इंच. गोळी चार वर्षांपासून. आधी २५ होती, मग ७५ केली, आता ५०. बाकीच्यांनो, मी पत्ता विचारला होता जी.

हिरवळ | १२ मे, दुपारी २.०५
कोबी, फुलकोबी, मुळा, सोयाबीन बंद करा आधी. थायरॉईडचा शत्रू. सैंधव मीठ सुरू करा. आणि रात्री धने भिजवून सकाळी ते पाणी प्या, किंवा सांबाराची जुडी वाटून रस घ्या. काही महिन्यांत माझी गोळी सुटली.

पुण्याहून बदलीवर | १२ मे, दुपारी २.२०
सांबार सकाळी उपाशीपोटी? इडलीबरोबरचं?

राजेहो | १२ मे, दुपारी २.२६
हा हा, भाऊ, इथं सांबार म्हणजे कोथिंबीर. तुमच्याकडं भाजीवाल्याले 'कोथिंबीर' म्हणत असतीन, इथं म्हटलं तर तो पाहतच राहीन. सांबारवडी खाल्ली का नाही अजून? पुडाची वडी पण म्हणतात तिले. वजनाचा विचार करणाऱ्यानं खाऊ नये, हे वेगळं.

पुण्याहून बदलीवर | १२ मे, दुपारी २.३१
म्हणजे कोथिंबीर वडीच ना?

राजेहो | १२ मे, दुपारी २.३३
असं बोलू नका बाप्पा, मारीन कोणी.

औषधवाली | १२ मे, दुपारी ३.४८
माझं मेडिकल स्टोअर आहे. हिरवळताई, काही जणांचा थायरॉईड तात्पुरता बिघडतो आणि आपला आपण सुधारतो, त्या वेळी श्रेय धन्यांना जाते. शिजवलेली कोबी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही होत नाही. सैंधव मीठ तर या बाईला मुळीच सांगू नका, त्यात आयोडीन घातलेलं नसतं.
आता मूळ प्रश्न. गोळी नियमित घेता हे कळलं. घेता कशी? किती वाजता, कशासोबत, त्यानंतर किती वेळाने चहा, दुसरी कोणती औषधं? आणि २५, ७५, ५० असं वर-खाली का झालं? सांगा, मग बोलू.

ओवीची आई | १२ मे, दुपारी ४.१०
सकाळी उपाशीपोटी. सगळे घेतात तशीच.

जिमवाला मनीषनगर | १२ मे, दुपारी ४.४०
नुसतं चालून काही होत नाही. वजनं उचला. स्क्वॉट, डेडलिफ्ट. सोबत कीटो. भाकरी-पोळी पूर्ण बंद, पनीर-अंडी. सहा आठवड्यांत ब्लाउज ढिला होतो की नाही बघा.

निनावी_४४० | १२ मे, सायंकाळी ५.२२
एक सांगू का, डोस वाढवून पाहा. माझ्या मैत्रिणीने ५० च्या दोन घेतल्या, सहा किलो उतरले.

औषधवाली | १२ मे, सायंकाळी ५.३०
हे असलं कोणी करू नका. जास्तीची गोळी घेतली की छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही, आणि असंच चालू ठेवलं तर हाडं ठिसूळ. वजन उतरते त्यात चरबीसोबत मांसपेशीही जाते. डोस डॉक्टर ठरवतात, रिपोर्ट पाहून. ही गोळी वजन कमी करायची नाही.
ओवीच्या आई, प्रश्न टाळू नका.

सक्करदऱ्याची मावशी | १२ मे, सायंकाळी ६.०५
बाई, मले एक सांग. तुझं नाव वाचून विचारते. ओवी केवढी आहे?

ओवीची आई | १२ मे, सायंकाळी ७.०१
आठ महिन्यांची. नावातच आहे न, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

सक्करदऱ्याची मावशी | १२ मे, सायंकाळी ७.०४
अगं आई! आठ महिन्यांची बाळंतीण आणि भात बंद करून बसली?

लॅबवाले काका | १२ मे, सायंकाळी ७.२०
नावात आई आहे, वय नाही. आमच्या सोसायटीत एक 'पिंकीची आई' आहेत, पिंकी पन्नाशीची आहे. म्हणजे ७५ गरोदरपणातली. तेव्हा गरज वाढते, बाळंतपणानंतर डोस बहुधा उतरवतात. पण उतरवल्यावर साधारण सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचा असतो. तुमचा मार्चनंतर नाही. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेऊन राहिल्या असाल तर तेही सांगा. त्याने रक्तातला आकडा खोटा येऊ शकतो, तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात.

ओवीची आई | १२ मे, रात्री ९.४५
हो, केसांच्या घेते. पार्लरवालीने सांगितल्या. बाळ झोपलं आता, सविस्तर लिहिते.
सकाळी सातला उठते. सासूबाई दुधाचा पेला आणतात, त्यासोबत सगळ्या गोळ्या एकदमच घेऊन टाकते, म्हणजे विसरत नाही. थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची. वरून दोन डिंकाचे लाडू. ते बाळंतपणापासून चालू आहेत, ते काही मी डाएटमध्ये धरत नाही, औषध म्हणूनच आहेत. मग नाश्ता नऊला. गोळीची बाटली किचनच्या खिडकीत, गॅसच्या बाजूला, म्हणजे समोर दिसते. दूध अंगावरचंच चालू आहे.

औषधवाली | १२ मे, रात्री १०.०२
आता आलं चित्र समोर. बाई, तुम्ही गोळी घेता, पण पोटात जाऊन ती लोहाला आणि कॅल्शियमला चिकटते. रक्तात जाते त्यातली थोडी. दुधानेही तेच. उपाशीपोटी म्हणजे गोळी आणि साधं पाणी, मग निदान अर्धा ते एक तास काही नाही. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी, दुपारी-रात्री वाटून घ्या. स्तनपानात ही गोळी चालते, बंद करू नका.
बाटली खिडकीतून आज उचला. बाहेर ४४-४५ अंश, शेजारी गॅस. थायरॉईडची गोळी उष्णता, ओल आणि उजेड, तिन्हींनी खराब होते. दुकानात आम्ही एसी उगाच लावत नाही.

पुण्याहून बदलीवर | १२ मे, रात्री १०.१०
मग फ्रीजमध्ये?

औषधवाली | १२ मे, रात्री १०.१५
फ्रीजमधून आत-बाहेर केली की बाटलीत दव धरते. कूलरसमोरही नको, कूलरची हवा ओली. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, झाकण घट्ट, मूळच्याच बाटलीत. आणि डोस कमी पडतो की नाही हे आता लगेच डॉक्टरांनी ठरवू नये असं मला वाटते, आधी गोळी नीट पोटात जाऊ द्या. त्यांना दूध-लोहाचं मात्र नक्की सांगा. त्यांनी तुम्हाला विचारलं नसेल आणि तुम्ही सांगितलं नसेल.

साजूक तूप | १२ मे, रात्री १०.२०
डिंकाचे लाडू भर मे महिन्यात? नवतपा यायचा आहे अजून! डिंक किती उष्ण. तरी दर दोन तासांनी खायच्या नियमात एक चालेल, अर्धा-अर्धा करून.

दोनच वेळा | १२ मे, रात्री १०.२४
जेवणातच घ्या लाडू, मधे नको. हे मी आधीच सांगितलं होतं.

सक्करदऱ्याची मावशी | १२ मे, रात्री १०.४०
तुम्ही दोघं दुसरीकडं भांडा. बाळाले पाजणाऱ्या बाईचा एक वेळचा उपासही मी होऊ देत नाही. कीटो का काय म्हणत होता तो पोरगा, त्यानं आधी आपल्या आईले विचारावं. बाई, लाडू दोनाचा एक कर, सासूले म्हण डॉक्टरनं सांगितलं. डॉक्टर म्हटलं की सासवा ऐकतात. मी सासूच आहे, मले माहीत आहे. एका लाडवात तूप, गूळ, खोबरं, खारीक, सगळं कोंबलेलं असते. ते औषध नाही, जेवण आहे. आणि भात खा, कटोरीभर, वरण जास्त घे.

जिमवाला मनीषनगर | १२ मे, रात्री १०.५५
मावशी, बाळ आहे हे लिहिलं नव्हतं. कीटो मागे घेतो. डेडलिफ्टही आत्ता नको. पोटाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम आधी कोणा फिजिओकडून शिकून घ्या.

लॅबवाले काका | १३ मे, सकाळी ६.०५
अजून एक. सगळे १६ किलो थायरॉईडच्या नावावर मांडू नका. थायरॉईड मंद असल्यामुळे साधारण दोन ते साडेचार किलो वाढते, त्यातही बरंचसं मीठ आणि पाणी. बाकीचं बाळंतपणाचं, रात्रीच्या जागरणाचं आणि लाडवांचं. टीएसएच जागेवर आला की ते पाणी उतरेल, बाकीचं हळूहळू. जूनमध्ये ६२ होत नाही.
कुलकर्णी साहेब, तुमच्या मिसेसचं प्रकरण उलट आहे, केळी-दूध पुरेसं नाही. चार महिन्यांत सात किलो म्हणजे गंमत नाही. धडधड, थरथर असेल तर आजच दाखवा. वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

कुलकर्णी रिटायर्ड | १३ मे, सकाळी ९.१०
थरथर आहे. चहाचा कप हलतो. आम्ही वय समजत होतो. आजच नेतो.

ओवीची आई | १३ मे, सकाळी ११.३०
मी काल रात्री रडले थोडी, खरं सांगते. चार वर्षांत मला एकानेही विचारलं नाही की गोळी कशासोबत घेते. ओवी पहाटे चारला दुधासाठी उठतेच. तेव्हा पाण्यासोबत गोळी घेऊन टाकली तर? नंतर सातपर्यंत मी काही खात नाही.

औषधवाली | १३ मे, सकाळी ११.४१
उत्तम. याहून चांगली वेळ नाही.

राजेहो | १३ मे, दुपारी १२.००
पुण्याचे भाऊ, सांबारवडी खाल्ली का?

ओवीची आई | ६ जुलै, रात्री १०.३५
विचारलं नाही कोणी, तरी सांगते. सात आठवडे पहाटे चारची गोळी. केसांच्या गोळ्या तपासणीआधी बंद केल्या होत्या. टीएसएच ३.२, जागेवर आला. डॉक्टरांनी ५० च ठेवली, ती बाटली मात्र फेकायला लावून नवीन घ्यायला सांगितली. वजन ७५.१. भात खाते. लाडू एकावर आला, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, मग बोलल्या. दुपारी चारला जी माती होत होती अंगाची, ती आता होत नाही, हे मला किलोंपेक्षा मोठं वाटते.
लग्न झालं. टेलरने ब्लाउजला दोन्हीकडे भरपूर माया ठेवली होती, उसवावी लागली नाही, उलट ऐन वेळी काखेत पिन लावली.
आणि डाएटिशियनचं नाव अजूनही कोणीच सांगितलेलं नाही.

कुलकर्णी रिटायर्ड | ७ जुलै, सकाळी ८.१५
मिसेसचे उपचार सुरू आहेत. कप हलत नाही. दीड किलो वाढले. आभार.

नवीन सदस्य_वर्धा रोड | ७ जुलै, सकाळी ९.४०
माझ्या ओळखीच्या एक डाएटिशियन आहेत. तुम्हाला कोणत्या भागात पाहिजे?

ओवीची आई | ७ जुलै, सकाळी ९.५८
धरमपेठ-रामदासपेठ. वर लिहिलं आहे.