खाणगावातला वुमन्स क्लब: खरी समाजसेवा की कंपनीची रंगरंगोटी?

निशाचर:
ॲरिझोनातलं बिस्बी, तांब्याच्या खाणींचं गाव. तिथल्या वुमन्स क्लबची, म्हणजे बायकांच्या मंडळाची, 1902 ची इमारत अजून उभी आहे, आणि कुठेही वाचा, बायकांनी एकत्र येऊन गाव कसं सुधारलं याचं कौतुक चालू असतं. मला नाही पटत. इमारत आहे कुठे, तर क्वालिटी हिलवर, म्हणजे खाणीच्या साहेबलोकांच्या वस्तीत. इतर टेकड्यांवर कामगारांची लाकडी घरं एकाला एक खेटून, 1908 च्या आगीत अशी कितीतरी खाक झाली. मेक्सिकन कामगारांना तर खाणीत उतरूच देत नव्हते, वरची कमी पगाराची कामं तेवढी त्यांना. नवऱ्याने पगार दाबायचा आणि बायकोने त्यातलंच थोडं दान म्हणून वाटायचं, याला समाजसेवा म्हणायचं का?

मृणाल_के:
एवढं सोपं नाहीये ते. अमेरिकेतल्या या क्लबांची फेडरेशन 1890 ला झाली, सुरुवात बहुतेकींची पुस्तकं वाचणं, निबंध वाचून दाखवणं इथूनच, पण मग हळूहळू शाळा, लायब्ररी, स्वच्छ पाणी, दूध, बालकामगार असं करत करत त्या म्युनिसिपालिटीच्या कामात शिरल्या, आणि ॲरिझोनात बायकांना मत मिळालं 1912 ला, म्हणजे त्याआधी गावच्या कारभारात तोंड उघडायला दुसरी जागाच कुठे होती? आणि खाणीत माणूस गेला की 1910 च्या आधी भरपाईचा धड कायदाही नव्हता. त्या विधवेच्या घरी कोळसा-किराणा पोचवणारी बाई क्वालिटी हिलवरून आली की आणखी कुठून, तिला काय फरक पडतो?

आग्यावेताळ:
लायब्ररीचं क्रेडिट निदान बिस्बीत तरी देऊ नका हो. ती कॉपर क्वीन या खाणकंपनीने 1882 लाच काढली होती. लायब्ररी कंपनीची, हॉस्पिटल कंपनीचं, दुकान कंपनीचं. क्लबला करायला ठेवलं काय, पडदे?

खरी परीक्षा 12 जुलै 1917. बिस्बीत खाणकामगारांचा संप चालू होता. शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख) व्हीलरच्या दोनएक हजार हत्यारबंद लोकांनी पहाटे घराघरातून माणसं उचलली, बाराशेच्या आसपास माणसं गुरांच्या डब्यात कोंबली आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडली. तारऑफिससुद्धा ताब्यात, म्हणजे बातमी बाहेर जायला नको. त्यांच्या बायका-पोरं मागे गावातच. अशा वेळी डोंगरावरच्या सभ्य मंडळींनी काय केलं ते सांगा.

मृणाल_के:
मग कोलोरॅडो राज्यातलं लडलो पण घ्या ना. कोळसा खाणींचा संप, 20 एप्रिल 1914 ला संपकऱ्यांचे तंबू जाळले, तंबूखालच्या खड्ड्यात दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. त्या आठवड्यात राजधानी डेन्व्हरमधे हजारेक बायका विधानभवनात ठिय्या देऊन बसल्या, गव्हर्नर केंद्राकडे सैन्य मागत नाही तोवर हलायचं नाही म्हणून. सैन्य आलं. क्लबातल्या बायका म्हणजे फक्त चहापाणी हे कोण म्हणतं मग?

निशाचर:
डेन्व्हर कुठे, खाण कुठे! कोलोरॅडोत मत 1893 पासून, आणि त्या बायकांच्या घरची चूल काही खाणकंपनीच्या पगारावर पेटत नव्हती. खाणगावात राहून असं बसून दाखवायचं होतं. आख्खं गाव एकाच मालकाचं असलं की दानाचं भांडं फुटत नाही, तोंड मात्र शिवलं जातं.

शमा:
बिस्बीतच एक होती की. रोझा मॅके, 1916 ला राज्याच्या विधानसभेत निवडून आली, दुसऱ्याच वर्षी बायकांसाठी आठवड्याला किमान 10 डॉलर पगाराचं बिल आणलं आणि ते पासही झालं. 1917 च्या त्या हद्दपारीला तिने उघड विरोध केला, गावात बंदुका घेऊन माणसं फिरत असताना. बाकी तुमचं चालू द्या.

आग्यावेताळ:
हेच तर म्हणतोय! तिच्यामागे आमदारकी होती, मतं होती. क्लबच्या दिवाणखान्यातून आली नव्हती ती.

मृणाल_के:
आणि बाईला मत द्यायची सवय गावाला कोणी लावली? चार माणसांत उभं राहून बोलायचं, ठराव मांडायचा, हिशोब ठेवायचा, हे बायका शिकल्या कुठे? त्याच दिवाणखान्यात.