इंग्रजी 'प्लंज'ला मराठीत एकच शब्द ठरवावा का?

शब्दकोशवाला, नौपाडा
माझं मत स्पष्ट आहे: ठरवू नये. 'प्लंज'चं मूळ लॅटिन 'प्लंबम', म्हणजे शिसं. 'प्लमेट' त्याच घरातला, आणि त्याचा जुना अर्थ शिशाचं वजन, आपल्या गवंड्याचा ओळंबा. म्हणजे शब्दाच्या पोटात वजन आहे, सरळ खाली जाणं आहे आणि बहुतेक वेळा कशात तरी शिरणंही आहे. मराठी या प्रत्येकाला वेगळं क्रियापद देते. पोहणारा सूर मारतो, सुरा खुपसतात, कडा तुटतो, भाव कोसळतो. सरसकट 'घसरण' लिहिणं मात्र चूकच. घसरायला उतार लागतो, अंग जमिनीला टेकलेलं लागतं. ओळंबा कधी घसरत नाही.

मॅन्युअलवाला, रबाळे
तुमचं कोशापुरतं ठीक, यंत्राच्या माहितीपत्रकात हे चालणार नाही. सुतारकामाचं प्लंज राऊटर, म्हणजे लाकडात खाच पाडणारं यंत्र घ्या. मोटर दोन दांड्यांवर स्प्रिंगने वर तोललेली असते. आधी खोलीचा थांबा लावायचा, मोटर चालू करायची, पूर्ण वेग आल्यावरच फिरतं बिट (कापणारं पातं) लाकडात उतरवायचं, लिव्हरने पक्कं करायचं. १२ मिमी खोल खाच एका दमात नाही, ४-४ मिमीच्या तीन फेऱ्यांत. बिटाच्या टोकालाही धार हवी. फक्त बाजूला धार असलेलं बिट आत शिरत नाही, लाकूड जाळतं. आता या उतरवण्याला एका पानावर 'दाबा', दुसऱ्यावर 'घुसवा', तिसऱ्यावर 'बुडवा' लिहिलं, तर कामगार तीन वेगळ्या क्रिया समजणार आणि बोटं जाणार. 'प्लंज' तसाच ठेवा.

शब्दकोशवाला, नौपाडा
एका पुस्तिकेत एकच शब्द हवा, हे शंभर टक्के मान्य. पण तो 'उतरवा' का नको? तुम्ही स्वतःच आत्ता 'लाकडात उतरवायचं' लिहिलंत! ज्याला 'प्लंज' माहीत नाही त्याला तो शब्द पन्नासदा छापूनही कळणार नाही. इंजेक्शनच्या प्लंजरला 'दट्ट्या' आहेच की. उलट बेसिन तुंबल्यावर वापरतात त्या रबरी पंपाला दट्ट्या म्हटलं तर दिशाभूल होते, कारण तिथे दाबण्याइतकंच वर ओढणंही काम करतं. वाटी पाण्यात बुडलेली हवी, ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद हवं, नाहीतर नुसती हवा ये-जा करते.

बाजारवाचक, वाशी
बातम्यांचं बोलू. इथे शब्द आकड्यावरून ठरावा, आणि तोही टक्क्यांवरून. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी खाली आला, म्हणजे १३.१५ टक्के; १० टक्क्यांचं लोअर सर्किट (पडझड इतकी झाली की व्यवहार थांबवणारी मर्यादा) लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले. ४ जून २०२४ ला अंक जास्त गेले, ४,३८९, पण टक्के ५.७४ च. पहिल्याला 'कोसळला', दुसऱ्याला 'गडगडला' म्हणा. अर्ध्या टक्क्याला 'कोसळला' लिहिलंत तर खऱ्या दिवशी काय लिहिणार? आणि शब्दकोशवाले, 'घसरण' इतकी वाईट नाही. दिवसभर हळूहळू उतरलेल्या बाजाराला तोच शब्द बरोबर आहे.

शब्दकोशवाला, नौपाडा
हळूहळू उतरला तर तो मुळात 'प्लंज' नव्हेच. माझं म्हणणं तेवढंच आहे.

दगडमातीवाला, खारघर
दोघांनाही विरोध. भूशास्त्रात मराठी शब्द शोधताना घोळ होतो. थराच्या प्रतलाचा आडव्याशी होणारा कोन म्हणजे 'डिप', त्याला 'नती' म्हणतात. वळीच्या (दुमडलेल्या थरांच्या घडीच्या) अक्षरेषेचा आडव्याशी होणारा कोन म्हणजे 'प्लंज'. एक प्रतलाचा, एक रेषेचा. दोन्हींना 'उतार' लिहिलं की नकाशा वाचताच येत नाही. इथे 'प्लंज'च हवा.

'प्लंज पूल' मात्र बिनधास्त मराठीत आणा, कारण इंग्रजीतच त्याचे दोन अर्थ आहेत. हॉटेलातला तो छोटा हौद. पांडवकड्यासारख्या धबधब्याखालचं ते कुंड: पडणारं पाणी दगडगोटे घुसळतं, तळ खोल होतो, मागचा मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण बेसॉल्ट पुढे लोंबकळतो आणि एक दिवस तुटतो. वरून कुंडाची खोली दिसत नाही, तळाशी तुटलेले दगड असतात. तिथल्या फलकावर 'प्लंज पूल' लिहून कोण थांबेल? 'खोल कुंड, आत दगड, उडी मारू नका' असं लिहा.

मॅन्युअलवाला, रबाळे
फलकाचं पटलं. बातम्यांत 'प्लंज्ड इंटू डार्कनेस'चं 'अंधारात बुडालं' करतात, त्याबद्दल एक: १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली ती सकाळी दहाच्या सुमारास. अशा वेळी 'शहर अंधारात बुडालं' हे इंग्रजी साच्यातून आलेलं खोटं वाक्य ठरतं. 'वीज गेली, लोकल थांबल्या' एवढं पुरे. राऊटरसाठी 'उतरवा' वापरून बघायला हरकत नाही, पण यंत्राचं नाव 'प्लंज राऊटर'च राहील. दुकानात मागायचं ते याच नावाने.