'सभोवतालचे तापमान' आणि 'ताप' : उत्तेजक द्रव्यांच्या संदर्भात

मृगजळ
उत्तेजक अमली पदार्थांविषयीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. त्यात असे विधान आहे की या पदार्थांचा मेंदूवर होणारा परिणाम केवळ मात्रेवर ठरत नाही, तो घेणाऱ्याच्या आजूबाजूला किती उष्मा आहे यावरही ठरतो. मी 'सभोवतालचे तापमान' असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ते खोडून 'हवामान' केले, कारण सामान्य वाचकाला तो शब्द जवळचा वाटेल असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. दारे-खिडक्या लावलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीतला उकाडा 'हवामान' या शब्दात कसा मावणार? त्यापुढच्याच वाक्यात 'ताप येतो' असेही आहे. दोन्हींबद्दल जाणकारांची मते हवी आहेत.

उंबरठा
हवामान प्रदेशाचे असते, खोलीचे नसते. तेव्हा तुमची हरकत रास्त आहे. मात्र 'सभोवतालचे तापमान' हा शब्द नव्हे, ते वर्णन झाले. परिभाषेला सुटसुटीत समास लागतो, म्हणून 'परिसर-तापमान' घ्यावे, असे सुचवतो.

पाणपोई
'परिसर' म्हटले की डोळ्यांसमोर आवार येते. माझे मत 'सभोवताल'च्या बाजूने आहे आणि त्याला या विषयातलाच आधार आहे. अँफेटामाइन या उत्तेजक द्रव्याची जी मात्रा एकेकट्या ठेवलेल्या उंदरांना सोसते, ती दाटीने ठेवलेल्या उंदरांना मारक ठरते, हे 1940 सालीच नोंदवले गेले. म्हणजे शेजारची शरीरेही सभोवतालातच मोजावी लागतात. पुढे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एमडीएमए ('एक्स्टसी' नावाने ओळखले जाणारे उत्तेजक) दिलेल्या घुशींचे शारीरिक तापमान 20 ते 24 अंश सेल्सिअसच्या खोलीत घसरले आणि 28 व 30 अंशांच्या खोलीत चढले. काही दिवसांनी मेंदू तपासले, तेव्हा गार खोलीतल्या घुशींमध्ये सेरोटोनिन (मेंदूतले एक संदेशवाहक रसायन) टिकून होते आणि उष्ण खोलीतल्यांमध्ये ते घटलेले होते. द्रव्य तेच, मात्रा तीच, फरक काय तो चार-सहा अंशांचा! ही बारीक गोष्ट 'हवामान' या शब्दाने वाचकापर्यंत पोचणार नाही.

मृगजळ
उत्तम. पण हे माणसालाही असेच लागू आहे का? त्यावर वाक्यातले क्रियापद ठरेल.

पाणपोई
जसेच्या तसे नाही. घुशीचे शरीर लहान असल्यामुळे ते भोवतालानुसार चटकन थंड-गरम होते. माणसांना नियंत्रित मात्रेत एमडीएमए देऊन 18 आणि 30 अंशांच्या खोल्यांत ठेवले, तेव्हा दोन्हीकडे शरीराचे तापमान वाढलेच. मात्र न्यूयॉर्क शहरातील 1990 ते 1995 या काळातल्या नोंदींवरून असे दिसले की ज्या दिवशी कमाल तापमान 31.1 अंशांवर गेले, त्या दिवशी कोकेनच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सरासरीने 33 टक्के अधिक होते. म्हणून 'ठरतो' न म्हणता 'तीव्र होऊ शकतो' म्हणावे.

रानवारा
चर्चा पहिल्या शब्दावरच थांबली आहे. माझ्या मते खरा धोका दुसऱ्या शब्दात आहे. मी रुग्णालयात काम करतो. उत्तेजक घेऊन अंग तापलेल्या अवस्थेत आणलेल्या एका तरुणाच्या नातेवाइकांनी वाटेत त्याला दोनदा तापाची गोळी दिली होती, कारण अंग भाजत होते आणि भाजणाऱ्या अंगाला आपल्या भाषेत ताप म्हणतात. त्या गोळीचा इथे उपयोग होत नाही. संसर्गाच्या तापात मेंदूतले नियंत्रण-केंद्र शरीराचे तापमान किती ठेवायचे ते लक्ष्य स्वतःच वर सरकवते आणि गोळी ते खाली आणते. उत्तेजकांमुळे मात्र स्नायूंत उष्णता वाढत जाते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. तिथे अंग बाहेरून थंड करावे लागते आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवावे लागते. तेव्हा कृपया 'ताप येतो' लिहू नका. सरळ 'हायपरथर्मिया' (शरीरात उष्णता साचून तापमान अती वाढणे) लिहा आणि पुढे एका वाक्यात अर्थ द्या.

उंबरठा
धोका मान्य, उपाय अमान्य. परका शब्द घेऊन त्याचा अर्थ सांगायचाच असेल, तर आपला शब्द घेऊन का सांगू नये? 'ऊष्मातिरेक' म्हणा. 'ताप' हा 'तप्' धातूपासून आलेला, मूळचा उष्णतेचाच शब्द. रोगाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. रोगासाठी 'ज्वर' होताच. प्रत्येक शब्द आपापल्या जागी परत ठेवला, तर हा गोंधळच उरणार नाही.

पाणपोई
ती विभागणी इतकी स्वच्छ नाही. सुश्रुतसंहितेत ज्वराची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत स्वेदावरोध (घाम अडणे) आणि संताप (इथे राग नव्हे, अंगाचा दाह) एकत्र येतात. आता हे पाहा की कोकेन घेतलेल्या माणसाला घाम उशिरा सुटतो, त्वचेकडे रक्त उशिरा वळते आणि आपल्याला किती उकडते आहे याची जाणीवही मंदावते. ही शेवटची बाब मेंदूची आहे आणि सर्वांत घातक आहे, कारण ज्याला उकाडा जाणवत नाही तो सावलीत जात नाही. शब्दार्थाने पाहिले, तर 'स्वेदावरोध' या अवस्थेला जवळचाच ठरतो. मग 'ज्वर' कोणत्या आधारावर वेगळा काढायचा?

रानवारा
व्युत्पत्तीने रुग्ण वाचत नाही. 'ऊष्मातिरेक' मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. 'उष्माघात' मात्र सर्वांना कळतो आणि तो ऐकला की लोक पाणी आणि पंखा शोधतात, गोळी शोधत नाहीत.

उंबरठा
'उष्माघात' उन्हाशी जोडलेला आहे. रात्री बंद खोलीत असलेल्या माणसाला तो होऊ शकतो, असे वाचकाला वाटणारच नाही. शब्द ऐकलेला नसणे हा त्याचा दोष नव्हे. 'दूरदर्शन'ही कधीतरी कोणीच ऐकलेला नव्हता.

मृगजळ
'उष्माघातासारखी अवस्था' असे लिहून पाहते. पण 'सभोवताल' की 'परिसर', हे अजून राहिलेच आहे आणि मजकूर उद्या द्यायचा आहे.

उंबरठा
त्याआधी 'उत्तेजक अमली पदार्थ' या शब्दप्रयोगाकडे पाहावे. 'अमल' म्हणजे गुंगी, धुंदी; आणि हे पदार्थ तर झोप उडवतात. मला तिथे 'उद्दीपक द्रव्ये' अधिक योग्य वाटते.

पाणपोई
मानसशास्त्रात 'उद्दीपक' हा शब्द आधीच वेगळ्या अर्थाने रुळलेला आहे. तिथे तो प्रतिसाद घडवून आणणाऱ्या कोणत्याही गोष्टीला लावतात. त्या अर्थाने खोलीतला उकाडासुद्धा उद्दीपकच ठरेल आणि मग या वाक्यात द्रव्य कोणते व भोवताल कोणता, हेच वाचकाला कळणार नाही.