शब्दचर्चा : जोहार

बोरूबहाद्दर : 9 ऑगस्टला डहाणूच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मेसेज आला, 'सर्वांना जोहार, जागतिक आदिवासी दिनाच्या शुभेच्छा'. मला ठाऊक असलेला जोहार म्हणजे चोखोबांचा, 'जोहार मायबाप जोहार'. शिवाय राजपूत स्त्रियांचा. मग हा कुठला? आणि याला उत्तर काय देतात?

पाटीपेन्सिल : राजपुतांचा जोहार म्हणजे जौहर, तो वेगळाच. नमस्काराचा जोहार किंवा जुहार हा उत्तरेत, मध्य भारतात जुना आहे. रामचरितमानसाच्या अयोध्याकांडात कोल-किरात रामापुढे भेटी ठेवून जोहार करतात. आपल्याकडे तो महारांनी गावच्या वरच्यांना करायचा म्हणून उरला. झारखंडात संथाळ, मुंडा, 'हो' या जमातींची मंडळी आपापसात जोहार म्हणतात. द्रौपदी मुर्मूंनी 2022 मध्ये राष्ट्रपतिपदाची शपथ घेतल्यावर भाषणाची सुरुवातच 'जोहार! नमस्कार!' अशी केली होती.

निळी शाई : आमच्या आजोबांसमोर हा शब्द काढायची सोय नव्हती. त्यांच्या वडिलांना तो वाकून घालावा लागे. 'जय भीम' आलं आणि जोहार घरातून गेला. त्यामुळे पोरं टी-शर्टावर 'जोहार' छापून हिंडताना दिसली की अजून दचकायला होतं.

तारपा : मी वारली, तलासरीकडचा. आमची म्हातारी माणसं अजून रामरामच करतात. जोहार आला तो मोर्च्यांतून, संमेलनांतून आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवरून. आता दोन पोरं एसटी स्टँडवर भेटली तरी 'जोहार दादा' होतं.

शुद्धलेखक : म्हणजे उसना. वारल्यांना स्वतःची बोली असताना झारखंडचा शब्द कशाला?

तारपा : मोर्च्यात एकटे वारली नसतात हो. कोकणा असतात, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर असतात. प्रत्येकाची बोली निराळी, आणि एकाचा शब्द घेतला तर दुसरा म्हणणार, आमचा का नाही? जोहार इथे कुणा एकाचा नाही म्हणून चालला. 'आदिवासी' तरी कुठे आमच्या बोलीतला? घरात आम्ही वारलीच. तहसीलदारापुढे, मोर्च्यात आदिवासी. आणि कुणी 'वनवासी' म्हटलं की आमची पोरं तिथल्या तिथे हटकतात. वनवास भोगायला पाठवलं होतं का आम्हाला, म्हणतात.

पाटीपेन्सिल : 'आदिवासी'चा प्रवासही तिकडचाच. छोटा नागपुरात, म्हणजे आजच्या झारखंडाकडे, 1938 मध्ये आदिवासी महासभा उभी राहिली, पुढच्याच वर्षी जयपालसिंग मुंडा तिचे अध्यक्ष झाले. संविधानात मात्र 'अनुसूचित जमाती' आलं. दाखल्यावर तेच. 9 ऑगस्ट तर थेट जिनिव्हाचा, 1982 मधली संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक. उसनं म्हणायचं तर सगळंच उसनं.

मोहफूल : गडचिरोलीत गोंडांचं 'जय सेवा' आहे, कधी 'सेवा जोहार'. स्वतःला ते कोयतूर म्हणवतात. सगळीकडे एकच जोहार चालतो असं धरू नका.

पाटीपेन्सिल : निळी शाई, तुमचं दचकणं रास्त आहे. पण क्रियापद बघा. जुना जोहार 'घालायचा', 'करायचा', आणि समोर मायबाप. नवा नुसताच म्हणायचा, पुढे दादा किंवा ताई. कोशात दुसरा अर्थ म्हणून याची नोंद व्हायला हवी. चालू कोशांत पहिलाच अर्थ छापून येतो.

तारपा : बोरूबहाद्दर, उत्तरात जोहारच लिहा. 'धन्यवाद' नको, फार कचेरीतलं वाटतं.