साशिको: कोपऱ्याशी कापड गोळा होतंय, काय बदलू?

निळंकापड (राजारामपुरी)
साशिको, म्हणजे जपानी धावदोऱ्याचं भरतकाम करतेय. आसानोहा, म्हणजे भांगेच्या (हेम्प) पानाची नक्षी घेतली आहे. गडद निळं पॉपलिन, सहापदरी भरतकामाचा दोरा, इंचात ६ टाके. सरळ रेषा ठीक येतात. पण कोपऱ्याशी चुण्या पडतात आणि रेषा जिथे एकत्र मिळतात तिथे दोऱ्याची गाठोळी होते. भरतकामाची रिंग घट्ट केली तरी तेच. दोरा कोल्हापुरात महाद्वार रोडवर मिळेल असाच सांगा.

गोधडीवाली
ताई, आधी रिंग काढा. साशिकोत सुई जवळपास जागेवर राहते आणि कापड तिच्यावर चढवत न्यायचं असतं. ताणलेल्या कापडात ते होत नाही, एकेक टाका ओढावा लागतो आणि दर ओढीला दोरा आवळला जातो. ८-१० टाके सुईवर चुणून घ्या, सुई ओढून काढा, मग कापड चिमटीत धरून टाक्यांच्या दिशेने निपटा. याला इतोकोकी म्हणतात. हे कधीच टाळू नका, अगदी दर ओळीला करा. कापड पूर्ण सपाट झाल्याशिवाय पुढचे टाके घ्यायचे नाहीत.

टाका टोकावरच संपला तर कोपरा धारदार दिसतो. वळताना उलट्या बाजूला जोंधळ्याच्या दाण्याएवढा सैल फास ठेवा.

आसानोहात मुख्य बिंदूवर १२ रेषा येतात. त्या बिंदूवर सुलट्या बाजूने एकही टाका नको. प्रत्येक रेषा दीड-दोन मि.मी. अलीकडे थांबवा, मध्ये छोटी मोकळी जागा दिसते, तीच हवी. आरपार जाणाऱ्या लांब रेषेत बिंदूखाली मागचा टाका येईल असं अंतर आधीच जुळवा. लांब रेषा आधी, नागमोडी नंतर. पुढचा टाका ३ मि.मी., मागचा २. गोधडीच्या धावदोऱ्याचा हात असेल तर दोन्ही बाजू सारख्या पडतात, तेवढं मुद्दाम बदलावं लागतं.

रफूसुई
पॉपलिनची वीण दाट, म्हणून जाड दोरा अडतो आणि कापड ओढलं जातं. मध्यम विणीची खादी किंवा रंगवलेला मांजरपाट घ्या. शिवण्याआधी कोमट पाण्यात धुवाच, नाहीतर नंतर कापड आटतं, दोरा तेवढा आटत नाही. गडद निळा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून बघा.

सहापदरी दोऱ्याला पीळ कमी, म्हणून टाका पसरट पडतो आणि चकाकतो. ८ नंबरचा पर्ल कॉटन (पीळ असलेला सुती भरतकामाचा दोरा) साशिकोच्या दोऱ्याला जास्त जवळचा, फक्त थोडी चमक राहते. एका वेळी ६०-७० सें.मी.च घ्या. सुई लांब, मोठ्या नेढ्याची रफूची. गोधडीचा जाड दाभण भोकं ठेवतो.

निळंकापड (राजारामपुरी)
खूप उपयोग झाला. आखणी कशाने करू? आणि सुरुवातीला गाठ चालते का?

गोधडीवाली
पांढरा शिंप्याचा कार्बन ठेवून रिकाम्या बॉलपेनने रेघा उमटवा. खडू अर्ध्यातच पुसला जातो. पाण्याने जाणारा पेन वापरलात तर धुण्याआधी इस्त्री करू नका, डाग पक्का बसू शकतो.

अस्तर लावणार असाल तर गाठ चालेल. एकपदरी कापडाला नको: रेषेच्या टोकापासून ३-४ टाके पुढे सुई घाला, टोकाकडे शिवत या, वळा आणि त्याच टाक्यांवरून परत जा. शेवटही असाच. मागे एका रेषेवरून दुसरीवर जायचं अंतर इंचापेक्षा जास्त असेल तर दोरा तोडून नव्याने सुरू करा.