म्युझिक सर्व्हर: रास्पबेरी पाय ४ (छोटा एका पाटीचा संगणक) की तयार पेटी?

सूरबहार: यूएसबी डॅक (डिजिटल संगीताचं अॅनालॉग करणारं यंत्र) आहे, फ्लॅकचा (गुणवत्ता न घटवता दाबलेल्या फायलींचा) संग्रह साधारण १ टीबी. बहुतेक १६/४४.१ (बिट/किलोहर्ट्झ), थोडं २४/९६ आणि डीएसडी ६४ (एक-बिटचं वेगळं स्वरूप). काय घ्यावं?

खर्ज_षड्ज: पाय ४, २ जीबी पुरे. पाय ३ नको. त्यात इथरनेट आणि यूएसबी एकाच यूएसबी २.० वाटेवर असतात. व्हॉल्युमिओ (संगीत वाजवणारी प्रणाली) टाका, मिक्सर (आवाज कमी-जास्त करणारी सोय) ‘नन’ ठेवा, रीसॅम्पलिंग (किलोहर्ट्झ बदलणं) बंद. हार्ड डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा द्या. पायचे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देतात. डॅक आणि डिस्क दोन्ही त्यावर टाकलेत की डिस्क मधेच गायब होते.

तारसप्तक: रून (संगीत-संग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर) हवं असेल तर हे विसरा, त्याच्या सर्व्हरला कोअर आय३ आणि एसएसडी लागते. नुसतं ऐकायला तो खर्च मला जास्त वाटतो.

सूरबहार: डीएसडी लावलं की नुसती खरखर येते, पीसीएम (फ्लॅकमधलं नेहमीचं स्वरूप) ठीक.

खर्ज_षड्ज: सॉफ्टवेअर व्हॉल्यूम चालू राहिलाय. डीओपी म्हणजे पीसीएमच्या वेष्टनातून डीएसडी पाठवणं; त्यातल्या खुणेचे बिट बदलले की डॅक त्याला पीसीएम समजतो. शिवाय डीओपीसाठी डॅकने १७६.४ किलोहर्ट्झ स्वीकारायला हवं; नसेल तर डीएसडीचं पीसीएममध्ये रूपांतर करा. आणि पाय बंद न करता थेट प्लग काढू नका, एसडी कार्ड बिघडू शकतं.