मदत हवी आहे: फोर-लो भाराखाली सुटतो, फोर-हाय रस्त्यावर अडकतो, ट्रान्सफर केस उतरवावी का?

सुकीकाठ (रावेर)

नमस्कार. रावेर तालुक्यात, पालकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आमची केळीची बाग आहे आणि शेतातला माल मोठ्या ट्रकपर्यंत आणण्यासाठी सात वर्षांपासून एक डबल केबिन फोर बाय फोर पिकअप वापरतो. मृगबागेची कापणी भर पावसाळ्यात येते, काळी जमीन फुगलेली असते आणि बांधाशेजारचा नाला चढून वर आल्याशिवाय रस्ता लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे फोर बाय फोर ही हौस नसून गरज आहे. गाडी लिव्हरची आहे, बटणाची नाही. लिव्हरचा क्रम टू-हाय (फक्त मागच्या चाकांना जोर), फोर-हाय (चारही चाकांना), न्यूट्रल, फोर-लो (चारही चाकांना, संथ पण जास्त जोराने) असा आहे. हे बदल गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली ट्रान्सफर केस करते.

सध्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की, भरलेल्या क्रेट घेऊन नाल्याचा चढ फोर-लोमध्ये चढताना मध्येच लिव्हर स्वतःहून उडून न्यूट्रलमध्ये येतो, इंजिन मोकळे फिरते आणि गाडी मागे घसरू लागते. आजवर दोनदा ब्रेकवर सावरली, परंतु मागच्या हौद्यात मजूर बसलेले असताना हे घडले तर काय, या विचाराने झोप लागत नाही. दुसरी तक्रार अशी की, शेतातून निघाल्यावर डांबरी रस्त्याला लागून दोन-तीन किलोमीटर गेल्यावर फोर-हायमधून टू-हायमध्ये यायचे म्हटले तर लिव्हर हलतच नाही. ड्रायव्हर दोन्ही हातांनी ओढतो, तेव्हा कुठे धाडकन सुटतो. केसच्या वरच्या बाजूला तेलकट ओलही दिसते.

जवळच्या मिस्तरींनी खाली न वाकताच निदान केले की आतली चेन आणि फोर्क (आतली जोडणी सरकवणारा काटा) गेले असून ट्रान्सफर उतरवून पूर्ण बांधावी लागेल. खर्च त्यांनी पंचवीस-तीस हजारांच्या घरात सांगितला आहे. पैशांपेक्षा मला शंका ही आहे की उतरवूनही दोष तोच राहिला तर काय करायचे. उतरवण्याआधी खात्री कशी करावी, आणि उतरवायचीच झाली तर शेडमध्ये दोन माणसांना हे काम जमण्यासारखे आहे का, कृपया सांगावे.

शहादेकर

दादा, माझ्या गाडीला अगदी असेच होत होते आणि चेन बदलल्यावर थांबले. तोरणमाळचा घाट चढताना जोर दिला की खालून कटकट आवाज यायचा. फार विचार न करता चेन बदलून घ्या.

जुना फिटर (भुसावळ)

शहादेकर भाऊंचा अनुभव खरा आहे, परंतु त्यांचा दोष आणि हा दोष वेगळा आहे. चेन ताणली गेली की ती भाराखाली दातांवरून उडते, कटकट किंवा ठोका ऐकू येतो, झटके बसतात. लिव्हर मात्र आपल्या जागीच राहतो, कारण चेनचा आणि लिव्हरचा थेट संबंधच नाही. सुकीकाठ यांच्याकडे लिव्हर स्वतः हलून न्यूट्रलमध्ये येत आहे. याचा अर्थ असा की फोर-लोची सरकती कडी तिच्या दातांत पूर्ण बसतच नाही, अर्धी बसते आणि भार आला की बाहेर ढकलली जाते. याची कारणे चार: लिव्हरपासून केसपर्यंतचे जोड झिजणे किंवा वाकणे, माउंटिंग बसल्यामुळे केस खाली जाऊन लिव्हरची चाल अपुरी पडणे, आतल्या खाचेची गोळी आणि स्प्रिंग कमजोर होणे, अथवा फोर्क आणि दात झिजणे. पहिली दोन कारणे बाहेरून दिसतात, उरलेल्या दोघांसाठी केसमध्ये हात घालावा लागतो. म्हणून सुरुवात बाहेरून करायची.

आता अडकण्याचे. तुमच्या गाडीसारख्या पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये फोर-हाय लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात, मधे डिफरन्शियल (दोन्हींच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअर) नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात, म्हणजे पुढच्या शाफ्टला जास्त फिरायचे असते आणि मागचा त्याला फिरू देत नाही. चिखलात चाक थोडे घसरते आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो सगळा पीळ शाफ्ट, चेन आणि दातांमध्ये साठत जातो आणि दात एकमेकांना इतके घट्ट दाबून धरतात की लिव्हर सुटत नाही. अशा वेळी ओढाताण न करता गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी किंवा एका बाजूची चाके मातीच्या कडेवर उतरवावीत. पीळ निघाला की लिव्हर बोटाने येतो. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी ओढणे हे तुमच्या पहिल्या तक्रारीचेही मूळ असू शकते.

परंतु दोन-तीन किलोमीटरच्या सरळ रस्त्यात इतका पीळ पडणे मला पटत नाही. म्हणून तीन गोष्टी पाहून लिहा. एक, चारही टायर एकाच वेळी घेतलेले आहेत का? पुढच्या आणि मागच्या टायरवर खडूने खूण करून, गाडी सरळ ढकलत प्रत्येकी दहा फेऱ्यांचे अंतर टेपने मोजा. दोन, गाडी सपाट जागेवर उभी करून ट्रान्सफरचा भरण्याचा प्लग उघडा, गिअरबॉक्सचाही उघडा, आणि तेलाची पातळी, रंग व वास सांगा. तीन, खाली जाऊन लिव्हरची दांडी केसवरच्या आर्मपासून सोडवा आणि तो आर्म हाताने फोर-लोमध्ये न्या. शेवटी टक्क असा खाचेत बसल्याचा ठोका मिळतो का पाहा, आणि त्याच जागेवर लिव्हरही पोहोचतो का, हे ताडून बघा. हे करताना इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले असावेत, कारण आर्म न्यूट्रलमधून जाईल तेव्हा गिअरमध्ये उभी केलेली गाडीही मोकळी होते.

सुकीकाठ (रावेर)

फिटर काका, सविस्तर उत्तराबद्दल आभार. तिन्ही गोष्टी आज पाहिल्या आणि थोडी लाजही वाटली. मागचे दोन टायर मार्चमध्ये नवे टाकले होते. पुढचे अजून चालतील म्हणून जुनेच ठेवले. मागच्या चाकाच्या दहा फेऱ्यांना 23 मीटर 2 सेंटिमीटर भरले, पुढच्याच्या दहा फेऱ्यांना 22 मीटर 56 सेंटिमीटर. माप पुन्हा घेतले, तेच आले.

तेलाचा प्रकार मात्र कोड्यात टाकणारा आहे. पुस्तिकेप्रमाणे ट्रान्सफरमध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल) हवे. प्लग सैल करताच तेल धारेने बाहेर आले, जवळपास अर्धा लिटर, रंग काळपट आणि वास गिअर ऑइलचा. गिअरबॉक्सचा प्लग उघडला तर बोट आत घालूनही तेल लागले नाही.

आर्म हाताने फिरवला तर स्पष्ट टक्क बसतो. लिव्हरने नेला तर त्या जागेच्या साधारण अर्धा इंच अलीकडेच थांबतो; दांडीच्या टोकाचे बुश (जोडातले कडे) झिजून भोक लांबट झाले आहे आणि दांडी थोडी वाकलेलीही दिसते.

जुना फिटर (भुसावळ)

तुमच्या मापांनी बरेच काही उलगडले. दहा फेऱ्यांत 46 सेंटिमीटरचा फरक म्हणजे दोन टक्के. एका किलोमीटरला मागचे चाक सुमारे 434 फेऱ्या करते, पुढच्याला 443 लागतात. म्हणजे अगदी सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला चाकाच्या नऊ फेऱ्यांइतका पीळ पडू पाहतो, वळण नसले तरी. पुढचे दोन्ही टायर बदलल्याशिवाय डांबरावर फोर-हाय लावू नका. खरे तर त्यानंतरही लावू नका, शेताच्या तोंडाशीच टू-हाय करण्याची सवय ड्रायव्हरला लावा.

फोर-लो सुटण्याचे कारण दांडी आणि बुश आहे. ते काम केस न उतरवता होते.

तेल मात्र वेगळी गोष्ट सांगते. गिअरबॉक्सचे तेल मधल्या ऑइल सीलमधून ट्रान्सफरमध्ये जात आहे. तुम्हाला दिसणारी ओल ही गळती नसून जास्त भरलेले तेल गरम होऊन ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) बाहेर पडत असावे. रिकाम्या गिअरबॉक्सवर गाडी चालवू नका. हे सील बदलायला ट्रान्सफर उतरवावीच लागेल, म्हणजे मिस्तरींनी सांगितलेले काम निघाले, कारण मात्र दुसरेच.

दोन माणसांना जमते, परंतु घाई करणाऱ्यांना नाही. गाडी पक्क्या फरशीवर, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवा. नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका आणि मातीवर तर मुळीच नाही. बॅटरीची वायर काढा. दोन्ही तेले सोडण्याआधी भरण्याचे प्लग उघडतात याची खात्री करा, कारण तेल सोडल्यावर वरचा प्लग जाम निघाला तर गाडी तिथेच बसते. निचऱ्याच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणे साहजिक आहे. कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर केस उघडूनच पुढे जायचे.

दोन्ही शाफ्टच्या फ्लॅन्जवर (बोल्टने जोडलेल्या तबकडीवर) पंचाने किंवा रंगाने खुणा करा आणि त्याच जागी परत बसवा, नाहीतर आधी नव्हती ती थरथर विकत घ्याल. सोडलेला शाफ्ट क्रॉसवर (त्याच्या टोकाच्या सांध्यावर) लोंबकळत ठेवू नका, तारेने चेसिसला बांधा. फोर बाय फोरच्या दिव्याची वायर, स्पीडोमीटरची जोडणी, ब्रीदरची नळी आणि लिव्हरची दांडी सोडवा. यानंतर खालचा मेंबर (चेसिसमधली आडवी पट्टी) येतो. गिअरबॉक्सचे माउंटिंग त्याच्यावरच टेकलेले असते, म्हणून तो काढण्याआधी गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा. वरचे बोल्ट गाठण्यासाठी मागची बाजू थोडी खाली घेता येते. घेताना एका माणसाने बॉनेटखाली पंखा आणि होज पाहत उभे राहावे.

केसखाली दुसरा जॅक लावून पट्ट्याने बांधा. अशा केसचे वजन तीस-चाळीस किलो असते, छातीवर घेऊन उतरवण्याची मर्दुमकी दाखवू नका. बोल्ट काढताना समोरासमोरचे दोन शेवटपर्यंत ठेवा, मग तेही काढून केस सरळ मागे ओढा. ती जॅकवरून सुटून इनपुट शाफ्टच्या खाचांवर लटकता कामा नये. निघत नसेल तर सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग कायमचा बिघडतो. बहुतेक वेळा वरच्या अंगाला चिखलाखाली एक बोल्ट लपलेला असतो.

बसवताना दोन लांब बोल्टची डोकी कापून त्यांचा मार्गदर्शक म्हणून उपयोग करा. गिअरबॉक्स गिअरमध्ये ठेवून मागचा फ्लॅन्ज हाताने हलकेच फिरवत राहिले की खाचा जुळतात. केस हाताने पूर्ण टेकल्यावरच बोल्ट आवळा. बोल्टने ओढून बसवली तर केसचे कान (बोल्टच्या भोकांभोवतीचे भाग) तुटतात. आणि दोन्ही ब्रीदर नक्की पाहा.

धुळ्याचा जीपवाला

एक भर घालतो. हा धागा वाचून कोणी जुन्या जीपवर हेच काम करणार असेल तर लक्षात ठेवावे की त्यांतील अनेकींचा हँडब्रेक चाकांत नसून ट्रान्सफरच्या मागच्या बाजूला, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट सोडला की तो हँडब्रेक ओढूनही गाडी थांबत नाही.

सुकीकाठ (रावेर)

सावद्याच्या एका नातलगाच्या शेडमध्ये शनिवारी सकाळी सुरू केलेले काम रविवारी संध्याकाळी संपले. लपलेला बोल्ट खरोखरच होता, अगदी वर, डाव्या अंगाला, आणि त्याने आमचे दोन तास खाल्ले. सीलची कड कडक होऊन एका बाजूला चिरली होती. शाफ्टवर सीलच्या जागी नखाला लागेल अशी बारीक रेघ पडली आहे, म्हणून नवे सील जुन्या जागेपेक्षा किंचित अलीकडे बसवले, जेणेकरून त्याची कड त्या रेघेवर येणार नाही. चुंबकावर फक्त लेप होता, त्यामुळे केस उघडली नाही.

गिअरबॉक्सचा ब्रीदर काळ्या मातीने पूर्ण बुजलेला निघाला. आत दाब साठून तेलाने सीलमधून वाट काढली असावी, असे मला वाटते. काका, हे बरोबर आहे का? दोन्ही नळ्या आता लांब करून बॉनेटखाली उंच बांधल्या आहेत, म्हणजे नाल्याचे पाणीही आत जाणार नाही.

दांडी सरळ करून नवे बुश टाकले, पुढचे दोन्ही टायर मागच्यांच्याच मापाचे आणि त्याच कंपनीचे घेतले. आज भरलेल्या क्रेट घेऊन नाला तीनदा चढलो, लिव्हर जागचा हलला नाही. ड्रायव्हरने बांधावरच गाडी थांबवून टू-हाय केले आणि लिव्हर एका हाताने आला.

जुना फिटर (भुसावळ)

ब्रीदरबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर आहे. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर सपाट जागेवर दोन्ही प्लग पुन्हा उघडा. ट्रान्सफरचे तेल लालच असेल आणि दोन्ही पातळ्या भोकाच्या कडेला असतील तर सील धरले. लाल रंगात काळपटपणा दिसू लागला तर शाफ्टवरच्या त्या रेघेचा फोटो इथे टाका, मग पुढचे पाहू.